मांजराला गोचिडाचं औषध नको, फणी लावा

आज राजकारण नाही. नगरपालिकेचं पाणी नाही, रखडलेला बायपास नाही, कोण कुठल्या पक्षात चाललंय तेही नाही. आज मांजराचे केस कसे विंचरायचे यावर लिहितोय. हसून घ्या. काल टपरीवर विषय सांगितला तेव्हा सगळेच हसले. एकजण म्हणाला, "काय पत्रकार साहेब, बातम्या संपल्या काय?" संपल्या नाहीत. पण हीसुद्धा बातमीच आहे, फक्त ती कुणी छापत नाही. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात मांजर नाही त्यांच्याही कामाचं यात आहे.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या पेठेत एक मांजर मेलं. रिक्षा चालवणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलीचं, पांढरं, लांब केसांचं, ज्याला आपण सरसकट पर्शियन म्हणतो तसलं. मुलगी सातवीत आहे. मांजराला पिसवा झाल्या होत्या, सारखं खाजवत होतं. मुलीचा मोठा भाऊ जनावरांच्या औषधाच्या दुकानात गेला आणि गोचिडाचं औषध मागितलं. कुठल्या जनावराला पाहिजे हे दुकानदाराने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. बाटलीवर गाईचं चित्र. पोराने बादलीत दोन झाकणं टाकली आणि मांजराला त्यातून बुचकळून काढलं. दुपारी तोंडाला लाळ, संध्याकाळी अंगाला थरथर, रात्री झटके.

साडेदहाला माझं दार वाजलं. "दादा, कुणी डॉक्टर आहे का बघा की." मी सरकारी डॉक्टरांना फोन लावला. ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका वस्तीवर अडलेल्या म्हशीपाशी होते. तरी बिचाऱ्यांनी फोनवर नीट सांगितलं: कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने अंग धुवा, कोरडं करा, फडक्यात गुंडाळा, दूध-तेल-तूप काही पाजू नका, आणि झटके थांबत नसतील तर धुण्यातही वेळ घालवू नका, सरळ गाडी काढा. रिक्षा काढली. सोलापूर गाठेपर्यंत फार उशीर झाला होता.

हे लिहायचं कारण असं, की दुसऱ्या दिवशी पेठेत दोन गोष्टी ऐकल्या. एक, "कुणाची तरी नजर लागली." दोन, "असली नाजूक मांजरं पाळूच नयेत गरिबानं." दोन्ही मला पटलं नाही.

आधी औषधाचं सांगतो. गोचीड मारायची जी औषधं आपल्याकडे सर्रास मिळतात, त्यांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ असली नावं असतात. कुत्र्याच्या पावडरीत आणि थेंबांत परमेथ्रिन असतं. गाईला, बैलाला, कुत्र्याला ती ठरल्या प्रमाणात चालतात. मांजराला परमेथ्रिनच्या जातीची औषधं चालत नाहीत, कारण असली द्रव्यं मोडून बाहेर टाकायची जी व्यवस्था इतर प्राण्यांच्या यकृतात असते ती मांजराच्या यकृतात फार दुबळी आहे. शिवाय मांजर अंगावर पडलेली प्रत्येक गोष्ट चाटून पोटात घेतं. म्हणजे तुम्ही बाहेरून लावलेलं औषध ते स्वतःच आत घेतं. अमिट्राझही मांजरासाठी नाही. याच यकृताच्या कारणाने तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते. अर्धी, पाव, "लहान बाळाला देतो तेवढी", काहीच नाही. फिनेलच्या पाण्याने पुसणं, जखमेचं जंतुनाशक अंघोळीच्या पाण्यात टाकणं, उवा मारायचं माणसाचं औषध लावणं, हे सगळं त्याच माळेतलं.

आता नाजूक मांजर आणि गरीब माणूस याबद्दल. ही मांजरं आपल्या गावात कशी येतात ते मी गेली चार-पाच वर्षं बघतोय. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर फोटो पडतो: "ट्रिपल कोट, डॉल फेस, लिटर ट्रेंड." नाक जितकं चपटं तितका भाव जास्त, त्याला "पंच फेस" म्हणतात. प्लॅस्टिकच्या बास्केटमध्ये घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पिल्लू येतं. सोबत लशीचं कार्ड नाही, पावती नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे सांगायला पाहिजे ते कुणी सांगत नाही, की या प्राण्याला रोज विंचरावं लागतं. रोज म्हणजे रोज. गावातल्या मांजरासारखं हे सोडून दिलं की सहा महिन्यांत त्याच्या अंगाचं गोणपाट होतं.

२०१८ साली केंद्र सरकारने पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय असं दुकान चालवता येत नाही. त्याआधी २०१७ ला कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे वेगळे नियम झाले. पण इथे दुकानच नाही, तर नोंदणी कुणाची बघणार? दुकान म्हणजे एक मोबाइल नंबर. पोलिसांना यात पडायला वेळ नाही, नगरपालिकेला हे आपलं काम वाटत नाही, आणि घेणाऱ्याला आपण कायद्यातली काही गोष्ट घेतोय याचा पत्ता नाही.

आपल्या जुन्या लोकांना मांजर विंचरायची कधी गरज पडली नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. वाड्यात, गोठ्यात, धान्याच्या कणगीपाशी जी मांजरं होती ती आखूड केसांची. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, म्हणून तर हात चाटला की पॉलिश पेपर घासल्यासारखं वाटतं. अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेतल्या दोन संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात, त्यात थुंकी भरून राहते आणि ती केसांच्या मुळापर्यंत, कातडीपर्यंत पोचते. मांजर स्वतःला चाटतं तेव्हा धुणं आणि विंचरणं एकदमच चालू असतं, वर उन्हाळ्यात त्या ओलीने थंडावाही मिळतो. सिंहापासून आपल्या बोक्यापर्यंत हीच तऱ्हा. अडचण येते ती पर्शियनला. तिचे केस माणसाने पैदास करून करून इतके लांब आणि दाट केलेत, की जीभ कातडीपर्यंत पोचतच नाही. वरचे केस चाटून होतात, खालची लोकर तशीच राहते. त्यात गळालेले केस अडकतात, ओल धरते आणि जटा होतात.

जट हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडे बाईच्या डोक्यात जट झाली की देवीचं बोलावणं आलं म्हणायचे, आणि अंनिसच्या कार्यकर्त्यांनी कात्री घेऊन गावोगाव अशा जटा सोडवल्या. जट माणसाची असो की मांजराची, नीट विंचरलं-धुतलं नाही की होते. मांजराची जट मात्र नुसती दिसायला वाईट नसते. कातडीला ओढ बसते, चालताना दुखतं, खाली फोड येतात, आणि पावसाळ्यात त्याच ओलीत माश्या बसून अळ्यासुद्धा पडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

आमच्या घरी दोन मांजरं आहेत. एक बंड्या, गावठी बोका, जो घरी फक्त जेवायला येतो. दुसरी भुरी. ती मार्केट यार्डामागे आंब्याच्या रिकाम्या पेटीत कुणीतरी सोडून दिलेली सापडली. लांब केसांची, पोटाखाली सगळी जट. हौस फिटली की सोडून द्यायचं हेही आता आपल्या गावात सुरू झालंय. भुरीला विंचरायचं काम माझ्या आईकडे आहे, आणि या विषयात मला जे कळतं त्यातलं अर्धं आईचं आणि अर्धं डॉक्टरांचं.

आईने पहिल्याच दिवशी माझ्या बायकोने मागवलेला चारशे रुपयांचा ब्रश बाजूला ठेवला आणि कपाटातून फणी काढली. तीच, उवांची. म्हणाली, "अरे, तुझ्या दोन्ही बहिणींची डोकी मी यानं साफ केलीत. हिचं काय अवघड आहे?" पिसवा आणि त्यांची घाण काढायला बारीक दातांची फणी खरोखर चांगली, फक्त जटेत ती चालत नाही. त्यासाठी रुंद, गोल टोकाच्या दातांचा धातूचा कंगवा लागतो. एवढी दोनच हत्यारं. बाकी रबरी मोजे, वाफेचे ब्रश, अमुक तमुक ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावं.

आईची वेळ दुपारची, जेवणं झाल्यावर. मांजराचंही पोट भरलेलं असतं, ते सुस्तावलेलं असतं. मांडीवर जुनी सतरंजी. सुरुवात गालापासून आणि हनुवटीखालून, कारण तिथे मांजराला स्वतःलाच खाजवून हवं असतं. मग मान, पाठ, कुशी. पोट, काखा, शेपटीखालचा भाग सगळ्यात शेवटी, आणि ते एका दिवसात झालं नाही तर उद्या. शेपूट आपटायला लागलं, कान मागे गेले, पाठीची कातडी लहरायला लागली की थांबायचं. आई तेवढ्यावरच सोडून देते. "रुसली ती. जाऊ दे," म्हणते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दोघांनी पाय धरायचे, एकाने मान दाबायची आणि तिसऱ्याने ओढून काढायचं. मग पुढच्या वेळी कंगवा दिसला की मांजर माळ्यावर.

जट आली तर कात्री लावू नका. हे मोठ्या अक्षरात लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. मांजराची कातडी कागदासारखी पातळ आणि सैल असते. जट वर ओढली की कातडीही तिच्यासोबत वर येते आणि कात्रीत सापडते. जटेत थोडं कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी बोटांनी केस घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीवर येणार नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं मोकळं करत मुळाकडे या. नाही सुटली तर कातडी आणि जट यांच्या मध्ये कंगवा घालून कंगव्याच्या वरच्या बाजूचीच जट कापायची, तीसुद्धा हात स्थिर असेल तर. सगळं अंगच गोणपाट झालं असेल तर ते घरी करायचं काम नाही. डॉक्टर गुंगीचं औषध देऊन मशीनने काढतात.

मशीनवरून एक सांगायलाच पाहिजे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, आणि दरवर्षी कुणीतरी "गरम होतंय बिचाऱ्याला" म्हणून मांजराचं टक्कल करून आणतं. आपल्या गावात मांजरांचं पार्लर नाही. मग हे कुठे होतं? पुरुषांच्या सलूनमध्ये, सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढून, दाढीच्या ट्रिमरने. मला दोन ठिकाणं माहिती आहेत, नावं घेत नाही. ट्रिमर तापतो, कातडी भाजते, कापते, ते एक झालं. दुसरी गोष्ट तुमच्या दाढीची आहे. लांब केसांच्या मांजरांत गजकर्णाची बुरशी बऱ्याचदा असते, आणि अंगावर एकही चट्टा न दिसता असू शकते. ती केसांतून माणसाला होते. ज्या ट्रिमरने सोमवारी मांजर कापलं तोच मंगळवारी कुणाच्या मानेवर फिरतो. आता सांगा, हा प्रश्न फक्त मांजरवाल्यांचा आहे का?

घरात गजकर्ण फिरत असेल, पोरांच्या हातावर गोल चट्टे येत असतील आणि घरात मांजर असेल, तर दोघांनाही दाखवा. पोराला मलम लावत राहायचं आणि मांजर तसंच अंथरुणात, असं केलं की महिना महिना जातो.

अंघोळीबद्दल थोडक्यात. गावठी, आखूड केसांच्या मांजराला अंघोळीची गरज नसते. अंगावर तेल, रंग, डांबर असं काही पडलं तरच. आपल्याकडे "भिजलेल्या मांजरासारखा" असं म्हणतात ते उगाच नाही. लांब केसांच्या मांजराला महिना-दोन महिन्यांतून एकदा, कोमट पाणी, बादलीच्या तळाला टॉवेल म्हणजे पाय घसरत नाहीत, तोंडावर पाणी नाही, कानात पाणी नाही. शाम्पू मांजराचाच. माणसाच्या शाम्पूने त्याची कातडी कोरडी पडते. आणि आधी विंचरून मग अंघोळ, कारण जट भिजली की आणखी आवळते. नंतर पूर्ण कोरडं करा.

चपट्या नाकाच्या मांजरांचे डोळे सारखे वाहतात आणि नाकाशी तपकिरी पट्टे पडतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून रोज पुसायचं, एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला नाही. कानात काडी घालायची नाही. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ दिसला तर ते कानातले किडे असायची शक्यता असते, त्यावर डॉक्टरांकडे औषध आहे, खोबरेल तेल हे त्याचं औषध नव्हे.

नखांना लोक सगळ्यात घाबरतात. पुढच्या पायांना पाच पाच, मागच्यांना चार चार, एकूण अठरा. बोटाच्या गादीवर हलकं दाबलं की नख बाहेर येतं. उजेडात बघा, आत गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी असते. त्याच्या पुढचं पांढरं, वळलेलं टोक तेवढंच कापायचं. एका बैठकीत अठराच्या अठरा झाली पाहिजेत असा काही कायदा नाही. आज चार, उद्या चार. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. म्हाताऱ्या मांजराच्या पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं नख जरूर बघा, ते गोल वाढत जाऊन गादीत रुततं.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं करायचं ते कशासाठी, मांजर सुंदर दिसावं म्हणून? नाही. आपल्या तालुक्यात मांजराची तपासणी म्हणून जी काही होते ती हीच. हात फिरवताना गाठ लागते. हिरड्या फिक्या पडलेल्या दिसतात. एखादं मांजर अचानक स्वतःला चाटायचं बंद करतं, पाठीवरचे केस तेलकट, विस्कटलेले राहतात, तेव्हा ते आळशी झालेलं नसतं. त्याचे सांधे दुखत असतात, नाहीतर दात, नाहीतर आत काहीतरी बिघडलेलं असतं. उलट एकाच जागी चाटून चाटून टक्कल पाडलं असेल तर पिसवा किंवा खाज. पिसवा आहेत की नाहीत हे ओळखायची आईची युक्ती डॉक्टरांनाही मान्य आहे: फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवायचे. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. नुसता मातकट डाग राहिला तर धूळ.

त्या सातवीतल्या मुलीला हे कुणी सांगितलं असतं, तर बादली आणि बाटली मध्ये आलीच नसती. रोज फणी, अंथरुणं गरम पाण्यात धुणं, आणि डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं मांजराचं औषध. एवढ्यावर भागतं.

विंचरताना ओरखडा बसला तर काय, तेही ऐका. कुत्र्याने चावलं की माणूस पळत दवाखान्यात जातो, मांजराने ओरबाडलं की हळद लावतो. रेबीज मांजरापासूनही होतो. ओरखडा असला, रक्त आलं असलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. चुना, मिरची, हळद काही भरू नका, आणि सरकारी रुग्णालयात जा. माणसांची रेबीजची लस तिथे मोफत आहे. मांजराला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

आणि इथे येऊन आपण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारात उभे राहतो. तिथले डॉक्टर परभणीला शिकलेले, माणूस सरळ. त्यांच्या पदाचं नाव पशुधन विकास अधिकारी. पशुधन. जे धन नाही ते कुठे बसणार? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये देशाची एकविसावी पशुगणना सुरू झाली. त्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट आहेतच. कुत्रा आहे, ससा आहे, हत्तीसुद्धा आहे. मांजर नाही. जे मोजलंच जात नाही त्याच्यासाठी औषध मागवायचं कुठल्या रकान्यात, हा डॉक्टरांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. त्यांच्या कपाटात घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकताच्या लशी. १९६२ ला फोन केला तर जी फिरती गाडी येते तीही गोठ्यासाठी.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. पुण्यात मांजराच्या अंघोळ-कटिंगला हजार-दीड हजार घेणारी पार्लरं गल्लोगल्ली आहेत. चांगलंच आहे, असावीत. पण मांजर तर आता सगळीकडे पोचलंय. ज्याच्याकडे गाडी आहे तो मांजर घेऊन पुण्याला जातो. ज्याच्याकडे रिक्षा आहे तो गाईची बाटली आणतो. गरिबाने मांजर पाळू नये म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की आई-बाप दोघं कामाला जातात आणि पोर दुपारभर एकटं घरात असतं, त्याने जीव कुणाला लावायचा? मोबाइलला?

टपरीवर एका शेतकरी मित्राने मला झापलंच. म्हणाला, "भाऊ, २०२२ ला लम्पीत माझी दोन खोंडं गेली तेव्हा औषधासाठी वणवण झाली. आणि तुम्हाला आता मांजर दिसायला लागलं?" त्याचं खरं आहे. त्या वर्षी मी रोज तेच लिहीत होतो, त्याच्या गोठ्याचा फोटोही मीच छापला होता. डॉक्टरांच्या जागा भरा, ही मागणी कालही होती, आजही आहे. गाईच्या वाट्याचं काढून मांजराला द्या असं मी म्हणत नाही. मी मागतोय ते फार थोडं आहे. आठवड्यातून एक दुपार, बाजाराचा दिवस सोडून, कुत्र्या-मांजरांसाठी ठरलेली. फ्रिज आहेच, त्यात रेबीजच्या लशीसाठी एक कप्पा. आणि दाराशी एक फलक, मराठीत: मांजराला कोणतं औषध चालत नाही.

औषधाच्या दुकानदारांकडे मागणं याहूनही लहान आहे. बाटली देण्याआधी दोन शब्द विचारा, "कुठल्या जनावराला?" कीटकनाशक देताना तुम्ही पीक विचारता. इथे जनावर विचारा. आपल्या गावातल्या दुकानदारांशी मी बोललो. दोघांनी लगेच मान्य केलं, एकाने तर काउंटरवर हाताने लिहून कागदही चिकटवला. एक म्हणाला, गिऱ्हाइकाला प्रश्न विचारले की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे.

पंचायत समितीत द्यायचं निवेदन तयार आहे. सह्यांसाठी ते माझ्या ऑफिसात टेबलावर ठेवलंय, सकाळी अकरा ते एक या, मांजर असो वा नसो. डॉक्टरांनी येत्या शनिवारी दुपारी चार वाजता दवाखान्याच्या आवारात नखं कशी कापायची, जट कशी सोडवायची आणि फणी कशी धरायची ते दाखवायचं कबूल केलंय, तेही स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी. दहा-बारा जणांचीच सोय आहे, म्हणून आधी फोन करा. कंगवा आपला आपला आणा. मांजर पोत्यात घालून आणू नका, झाकणाच्या टोपलीत किंवा बास्केटमध्ये आणा, वरून ओढणी टाका म्हणजे घाबरत नाही. कुत्रेवाल्यांनी त्या दिवशी कृपया येऊ नये, तुमची वेळ वेगळी ठरवू. आमची आई येणार आहे, भुरीला घेऊन.